आधी पडदा, मग जॉयस्टिक: व्हॅम्पायरचे विसरलेले गेम कसे खेळावेत

कॅसलव्हेनिया हा कोनामीचा १९८६चा गेम. तो शेवटपर्यंत नेला की पडद्यावर श्रेयनामावली सरकू लागते. दिग्दर्शक ट्रान्स फिशर्स, पटकथा व्ह्रॅम स्टोकर, ड्रॅक्युलाच्या भूमिकेत ख्रिस्तोफर बी, मृत्यूच्या भूमिकेत बेलो लुगोसी, वटवाघूळ म्हणून मिक्स श्रेक्स, फ्रँकेन्स्टाइन म्हणून बोरिस कार्लॉफिस. पहिल्यांदा वाचताना वाटते की छपाईत घोळ झाला. तसे काही नाही. ही टेरेन्स फिशर, ब्रॅम स्टोकर, ख्रिस्तोफर ली, बेला लुगोसी, मॅक्स श्रेक आणि बोरिस कार्लॉफ या भयपटांच्या दुनियेतल्या खऱ्या माणसांची मुद्दाम मोडतोड केलेली नावे आहेत. गेमचे सुरुवातीचे चित्रही फिल्मच्या पट्टीला असतात तशा भोकांच्या चौकटीत बसवलेले आहे. म्हणजे बनवणाऱ्यांनी काहीच लपवले नव्हते. तुम्ही खेळत होतात तो एक भयपट होता, आणि त्याची वंशावळ शेवटी छापून दिली होती.

कॅसलव्हेनिया सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आगेमागे मात्र व्हॅम्पायरवरचे डझनभर गेम येऊन गेले आणि विस्मरणात गेले. ते खेळायचे तर नुसते डाउनलोड करून सुरू करण्यात मजा नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे ओबडधोबड चौकोन बघून दहा मिनिटांत कंटाळा येतो. ज्या चित्रपटाच्या पोटातून तो गेम आला तो आधी पाहिला, तर तेच चौकोन बोलू लागतात. हा लेख त्या क्रमाने कसे जायचे हे सांगण्यासाठी आहे.

पायरी पहिली: नियमांचे पान तयार करा

एक वही घ्या. वर लिहा, "व्हॅम्पायरला काय चालत नाही?" खाली सुचेल ते लिहीत जा: ऊन, क्रूस, लसूण, आरसा, वाहते पाणी, आमंत्रणाशिवाय उंबरठा ओलांडणे, छातीत खुंटी. मग प्रत्येकासमोर तो नियम कुठून आला ते लिहायचे. इथे पहिला धक्का बसतो.

स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीतला ड्रॅक्युला उन्हात मरत नाही. त्याची शक्ती दिवसा कमी होते एवढेच. कादंबरीतल्या जोनाथन हार्करला तो लंडनच्या पिकॅडिलीत भर दिवसा दिसतो. कादंबरीच्या शेवटी त्याचा अंत होतो तो सुऱ्यांनी. एक गळ्यावरून फिरते, दुसरी छातीत घुसते. उन्हाने व्हॅम्पायर नाहीसा होतो ही कल्पना रूढ झाली ती १९२२च्या 'नॉस्फेरातू' या मूक जर्मन चित्रपटामुळे. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाउ. नायिका एलेन आपल्या रक्ताची लालूच दाखवून व्हॅम्पायर काउंट ऑर्लॉकला पहाटेपर्यंत खिळवून ठेवते, कोंबडा आरवतो आणि तो उजेडात विरून जातो.

झगा आणि त्याची ती उभी कॉलर घ्या. ती कादंबरीतून आलेली नाही, रंगमंचावरून आली. १९२४च्या इंग्रजी नाटकात ड्रॅक्युलाला प्रेक्षकांसमोर गायब व्हायचे होते. पाठीमागून नटाचे डोके दिसू नये म्हणून कॉलर उंच ठेवली, आणि तो झग्यातून निसटून सटकला. तीच कॉलर पुढे ब्रॉडवेवर गेली, लुगोसीच्या अंगावरून चित्रपटात आली, आणि तिथून प्रत्येक गेममधल्या ड्रॅक्युलाच्या खांद्यावर बसली.

हे पान का महत्त्वाचे? कादंबरीत वातावरण पुरते, गेमला नियम लागतात. काय केले की मरतो, काय केले की वाचतो, वेळ किती, हे ठरल्याशिवाय गेम बनत नाही. व्हॅम्पायर हे एकच भूत असे आहे की ज्याचे नियम सिनेमाने आधीच पक्के करून ठेवले होते. म्हणून गेमवाल्यांना तो इतका आवडला, असे माझे मत आहे. पुढच्या प्रत्येक जोडीत तुम्ही हेच शोधायचे आहे: सिनेमातली कोणती बंदी गेममध्ये कोणते बटण झाली?

पायरी दुसरी: सामान जमवा

फार काही लागत नाही. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे इम्युलेटर फुकट मिळतात: कमोडोर ६४साठी व्हाइस, झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी फ्यूज, डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्स, इंटेलिव्हिजनसाठी जेझिंटव्ही, गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी एमजीबीए. इंटरनेट अर्काइव्हवर बरेच जुने गेम ब्राउझरमध्येच चालतात. काही बसवायची गरज नाही. इम्युलेटर वापरणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या मालकीच्या गेमची नक्कल उतरवणे ही दुसरी, हा फरक लक्षात ठेवा. जो गेम आजही विकत मिळतो तो विकतच घ्यावा. कोनामीने २०१९ साली 'कॅसलव्हेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' नावाचा जुन्या आठ गेमचा संच काढला. त्यात मूळ गेम आहेच, शिवाय 'किड ड्रॅक्युला' हा विनोदी भाऊही आहे.

दोन सूचना. एक, इम्युलेटरमध्ये कुठेही सेव्ह करता येते, पण पहिल्या अर्ध्या तासात ती सोय वापरू नका. जुन्या गेमची भीती परत पहिल्यापासून सुरू करावे लागण्यात आहे. त्यानंतर खुशाल वापरा, आयुष्य छोटे आहे. दोन, खेळायच्या आधी त्या काळच्या छापील पुस्तिकेचे स्कॅन शोधून वाचा. गेममध्ये जागा नसायची म्हणून गोष्ट पुस्तिकेत असायची. पुस्तिका न वाचता इंटेलिव्हिजनचा गेम खेळणे म्हणजे मधल्या अंकात नाटकाला जाऊन बसणे.

पायरी तिसरी: 'नॉस्फेरातू' योग्य प्रत पाहा

ही पायरी चुकली तर पुढचे सगळे फिकट होते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

स्टोकरच्या पत्नी फ्लॉरेन्स यांची परवानगी न घेताच हा चित्रपट बनला होता. नावे तेवढी बदलली: ड्रॅक्युलाचा ऑर्लॉक झाला, हार्करचा हुटर, मीनाची एलेन, आणि गोष्ट लंडनऐवजी विस्बोर्ग नावाच्या जर्मन गावात गेली. फ्लॉरेन्सबाई कोर्टात गेल्या. प्राना-फिल्म ही निर्माती कंपनी तोवर बुडाली होती. १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. काही प्रती देशाबाहेर पोहोचल्या होत्या म्हणून आज आपण तो पाहू शकतो.

आता प्रतीबद्दल. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अनेक प्रती नुसत्या काळ्यापांढऱ्या असतात. मूळ चित्रपट तसा नव्हता. त्या काळी रात्रीची दृश्येही दिवसाच्या उजेडात टिपत आणि नंतर फिल्म रंगवत: रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळसर. रंग काढून टाकला की ऑर्लॉक आपली शवपेटी काखेत धरून भर दुपारी गावातून चालल्यासारखा दिसतो, आणि "हा तर उन्हात मरतो ना?" असा प्रश्न पडतो. म्हणून रंगछटा असलेली, मुर्नाउ प्रतिष्ठानने दुरुस्त केलेली प्रत शोधा. वेगही तपासा. मूकपट आजच्यापेक्षा कमी चौकटींवर टिपले जात. चुकीच्या वेगाने चालवलेल्या प्रतीत माणसे तुरुतुरु पळतात आणि भयपटाचा तमाशा होतो.

पाहताना वहीत फक्त दोन गोष्टी टिपा: उजेड कुठून येतो, आणि सावली कुठे पडते. जिना चढणारी ती बोटांची सावली आली की थांबवून नीट बघा. तिची नक्कल असंख्य गेमनी केली आहे.

पायरी चौथी: सूर्याचे गेम खेळा

'नॉस्फेरातू'नंतर लगेच इंटेलिव्हिजनचा 'ड्रॅक्युला' सुरू करा. कंपनी इमॅजिक, साल १९८३. इथे व्हॅम्पायर तुम्हीच. रस्त्यावरच्या लोकांना चावायचे, गरज पडली तर वटवाघूळ व्हायचे, खुंट्या फेकणाऱ्या हवालदारापासून पळायचे, आणि पहाट व्हायच्या आत आपल्या थडग्यात परत यायचे. चित्रे इतकी साधी की हसू येईल. तरी रात्र सरत चालली आणि थडगे अजून लांब आहे, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो खरा असतो. एलेनने ऑर्लॉकवर जी चाल केली तिच्या दुसऱ्या बाजूला तुम्ही उभे असता. सूर्योदय इथे गेमचे घड्याळ झाला, आणि एवढ्याशा मेमरीत मावेल अशी भीती यापेक्षा चांगली कोणती?

त्याच धाग्यावर अमिगा संगणकाचा 'फ्राइट नाइट', मायक्रोडीलचा, १९८८चा. मूळ चित्रपट १९८५चा आहे आणि तो जुन्या भयपटांवरचे प्रेमपत्रच आहे. त्यातल्या टीव्हीवरच्या व्हॅम्पायरमाऱ्याचे नाव पीटर व्हिन्सेंट, म्हणजे पीटर कुशिंग अधिक व्हिन्सेंट प्राइस, जुन्या भयपटांतले दोन नट. गेमने मात्र नायकाला बाजूला ठेवून व्हॅम्पायर शेजाऱ्यालाच तुमच्या हाती दिले. खेळायला तो साधारण आहे. अर्धा तास पुरे.

या पायरीचा खरा मानकरी आहे 'बोक्ताई'. कोनामी, २००३, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, आणि त्यामागे गेमकर्ता हिदेओ कोजिमा. या गेमच्या काडतुसातच, म्हणजे यंत्रात खुपसायच्या डबीतच, उजेड मोजणारा सेन्सर बसवलेला होता. तुम्ही खरोखरच्या उन्हात जाऊन खेळलात तर नायकाची सौर बंदूक भरते. अंथरुणात पांघरूण घेऊन खेळलात तर उपाशी राहते. साध्या दिव्याने भागत नाही. आणि व्हॅम्पायरला हरवले म्हणजे काम संपले असेही नाही. त्याला शवपेटीत घालून, साखळीने ओढत किल्ल्याच्या बाहेर आणायचे, आणि अंगणात उन्हाच्या यंत्राखाली शुद्ध करायचे. पेटी वाटेत धडपडते, मागे ओढते. नायकाचे नाव जँगो. शवपेटी ओढत चालणारा त्याच नावाचा नायक १९६६च्या एका इटालियन वेस्टर्न चित्रपटात होता, म्हणजे इथे दोन सिनेमांचे कलम झाले आहे. १९२२ साली ऑर्लॉकवर पडलेला उजेड चित्रित होता. ८१ वर्षांनी तो तुमच्या खिडकीबाहेरून येऊ लागला. एखादी सिनेमातली कल्पना इतक्या शब्दशः गेममध्ये उतरल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

एमजीबीएमध्ये हा गेम खेळताना उजेडाची पातळी हाताने बदलता येते. मोह आवरा. बाहेर ऊन असेल तरच पातळी वाढवायची असा स्वतःशी करार करा. रात्री खेळत असाल तर शून्य. गेम अवघड होतो, आणि तो असाच खेळायचा होता.

पायरी पाचवी: नावांवरून बाप ओळखा

हे कौशल्य एकदा जमले की तुम्ही कोणताही व्हॅम्पायर गेम दोन मिनिटांत त्याच्या घराण्यात बसवू शकता. ड्रॅक्युलाची गोष्ट प्रत्येक चित्रपटाने थोडी वेगळी सांगितली आणि नावांची अदलाबदल केली. ती अदलाबदल म्हणजे बोटांचे ठसे.

कादंबरीत हार्करची बायको मीना, आणि लुसी तिची मैत्रीण. १९३१च्या चित्रपटात ट्रान्सिल्व्हानियाला हार्कर जातच नाही, रेनफिल्ड जातो. आणि मीना ही डॉक्टर सेवर्डची मुलगी होते. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या १९५८च्या चित्रपटात हार्करची वाग्दत्त वधू लुसी असते, आणि हार्कर ग्रंथपाल म्हणून येतो पण मनात ड्रॅक्युलाला मारायचा बेत असतो. १९७९ साली वेर्नर हेर्झोगने मुर्नाउच्या चित्रपटाचा नवा अवतार केला. तोवर कादंबरीच्या हक्काची अडचण उरली नव्हती, म्हणून स्टोकरची नावे परत आली. पण हार्करची बायको इथे लुसी झाली, आणि गाव विस्मार.

आता १९८६चा 'नॉस्फेरातू द व्हॅम्पायर' सुरू करा. प्रकाशक पिरान्हा, स्पेक्ट्रम, कमोडोर आणि अ‍ॅमस्ट्रॅडवर निघाला होता. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्या, त्यात बाहुल्यांएवढी माणसे. पात्रे कोण? जोनाथन, लुसी आणि व्हॅम्पायरमाऱ्या व्हॅन हेल्सिंग. लुसी दिसली की वहीत लिहा: हेर्झोग. आणि खरेच, तो त्याच चित्रपटाचा अधिकृत गेम होता. हेर्झोगच्या संथ, उंदरांनी भरलेल्या, आजारी चित्रपटावरून आठ बिटच्या संगणकावर गेम काढावा असे कुणाला वाटले असेल याचे मला आजही नवल वाटते. पण हवा पकडली आहे. रिकाम्या खोल्या, मधूनच कुणीतरी, आणि कुठे जावे ते कळत नाही. कागदावर नकाशा काढत खेळा, नाहीतर फिरत राहाल.

हीच युक्ती इतरत्रही चालते. कॅसलव्हेनिया मालिकेतल्याच १९९७च्या 'सिम्फनी ऑफ द नाइट'मध्ये ओलरॉक्स नावाचा सरदार भेटतो. जपानीतून रोमन लिपीत जाताना ऑर्लॉकचे झालेले हे रूप. त्याच मालिकेतल्या १९९४च्या 'ब्लडलाइन्स'मधल्या जॉन मॉरिसचे आडनाव कादंबरीतल्या क्विन्सी मॉरिसचे. १९९३च्या 'ड्रॅक्युला अनलीश्ड'मध्ये तर क्विन्सीचा भाऊ अलेक्झांडर १८९९च्या लंडनमध्ये तपासाला येतो. खऱ्या नटांवर चित्रित केलेला हा गेम आहे, आणि त्यात प्रत्येक हालचालीने घड्याळ पुढे सरकते.

उलटेही घडते. १९९४ साली सेटा कंपनीने सुपर फॅमिकॉम या निन्टेंडोच्या यंत्रावर 'नॉस्फेरातू' नावाचाच गेम काढला. नावावर जाऊ नका. नायक काइल आपल्या प्रेयसीला सोडवायला किल्ल्यात शिरतो, आणि उड्या, लोंबकळणे, दरी चुकवणे हे सगळे सरळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या गेमचे. पाटी मुर्नाउची, दुकान दुसऱ्याचे. हालचाली मात्र देखण्या आहेत, म्हणून तासभर द्यायला हरकत नाही.

पायरी सहावी: लुगोसी आणि ली, एकापाठोपाठ एक

दोन संध्याकाळी लागतील. पहिल्या दिवशी टॉड ब्राउनिंगचा १९३१चा 'ड्रॅक्युला'. तयारीने बसा: सुरुवातीच्या 'स्वान लेक'च्या सुरांनंतर त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. सुळे एकदाही दिसत नाहीत. खुंटी ठोकतात तीही पडद्याआड, फक्त कण्हणे ऐकू येते. ट्रान्सिल्व्हानियाच्या किल्ल्यात अमेरिकेतले आर्माडिलो फिरताना दिसतात, ते का याचा विचार करू नका. बघायचे ते लुगोसीचे जिन्यावरचे उभे राहणे आणि सिगारेटच्या पेटीतल्या आरशाचा प्रसंग. वेळ असेल तर त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित केलेली स्पॅनिश आवृत्तीही पाहा. ती जवळपास अर्धा तास मोठी आहे, आणि तिथला कॅमेरा जास्त मोकळा फिरतो.

दुसऱ्या दिवशी टेरेन्स फिशरचा १९५८चा हॅमरचा 'ड्रॅक्युला'. इथे रक्त लाल, सुळे लांब, आणि व्हॅन हेल्सिंग म्हणजे पीटर कुशिंग धावणारा, उड्या मारणारा माणूस. शेवट लक्ष देऊन पाहा: तो टेबलावरून धावतो, खिडकीच्या पडद्यावर झेप घेऊन तो खाली ओढतो, ऊन आत येते, मग दोन मेणबत्तीदाण्या आडव्या धरून क्रूस करतो. धाव, उडी, हत्यार उचल, वापर. मी तो प्रसंग पाहिला की मला प्लॅटफॉर्म गेमच दिसतो. १९६०च्या पुढच्या भागात कुशिंग आपल्याच मानेवरचा चावा तापलेल्या लोखंडाने डागतो आणि वर पवित्र पाणी ओततो, तेव्हा तर जणू हेल्थची पट्टी परत भरताना दिसते.

मग कॅसलव्हेनिया उघडा. हत्यारांची यादी वहीतल्या पानाशी जुळवा: क्रूस, पवित्र पाणी, सुरी, कुऱ्हाड, वेळ थांबवणारे घड्याळ. मेणबत्त्या फोडल्या की वस्तू मिळतात. वाटेत ममी, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, मृत्यू. युनिव्हर्सल स्टुडिओच्या भयपटांची जणू यात्राच भरलेली. शेवटी ड्रॅक्युला झगा उघडून आगीचे गोळे फेकतो आणि त्याच्या फक्त डोक्यावर मारलेले लागते. श्रेयनामावली आता वाचा. पहिल्यांदा विनोद वाटलेली नावे या वेळी ओळखीची वाटतील.

कॅसलव्हेनिया माहीत असलेल्यांनी त्याऐवजी 'व्हॅम्पायर किलर' खेळावा. त्याच वर्षीचा, त्याच कंपनीचा, पण एमएसएक्स-२ संगणकासाठी वेगळा रचलेला. इथे पडदा सरकत नाही, एकेक खोली बदलते. दार उघडण्यासाठी किल्ली शोधावी लागते, फेरीवाल्यांकडून वस्तू घेता येतात, आणि जीव संपले की पहिल्यापासून. त्यामुळे तो मारामारीपेक्षा वाड्याची झडती वाटतो. माझ्या मते भयपटाच्या जास्त जवळ हाच आहे.

आणि सेगाकडचा दूरचा चुलतभाऊ: 'मास्टर ऑफ डार्कनेस', १९९२. डॉक्टर सोशल नावाचा मानसतज्ज्ञ ऊइजा पाटीवरून (मृतांशी बोलण्याची अक्षरांची पाटी) संकेत मिळाल्यावर थेम्सकाठी उतरतो, जॅक द रिपरशी भिडतो, मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातून जातो आणि शेवटी ड्रॅक्युलापर्यंत पोहोचतो. कॅसलव्हेनियाची उघड नक्कल आहे, मेणबत्त्यांऐवजी हवेत तरंगणारे मुखवटे आहेत इतकाच काय तो फरक. पण मेणाचे पुतळे जिवंत होतात तेव्हा व्हिन्सेंट प्राइसचा १९५३चा मेणसंग्रहालयाचा भयपट आठवल्याशिवाय राहत नाही. फार थोड्यांनी खेळलेला, एका बैठकीत संपणारा.

पायरी सातवी: वाचायचे गेम

डोळ्यांना विश्रांती म्हणून नव्हे, तर भीतीचा दुसरा मार्ग म्हणून हे घ्या. आधी कार्ल थिओडोर ड्रायरचा १९३२चा 'व्हँपिर' पाहा. त्याची गंमत अशी की चित्रपटातली माणसे मधूनच एक पुस्तक उघडतात आणि पडद्यावर त्याची पाने येतात. व्हॅम्पायर कसा असतो, त्याला कसे संपवायचे, हे आपण त्यांच्याबरोबर वाचतो. सावल्या शरीर सोडून चालतात. नायक स्वतःलाच शवपेटीत पाहतो, आणि पेटीच्या झाकणातल्या काचेतून आपण वर आकाश सरकताना बघतो. गोष्ट धूसर, चित्रे त्याहून धूसर. झोप आली तरी अपराधी वाटून घेऊ नका. अर्धवट झोपेत तो जास्तच लागू पडतो.

वाचत वाचत घाबरण्याचा हाच प्रकार टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये आहे. स्कॉट अ‍ॅडम्सचा 'द काउंट', १९७९. ट्रान्सिल्व्हानियातल्या किल्ल्यात तुम्ही पितळी पलंगावर जागे होता. बस्स. चित्र नाही, आवाज नाही. दोन इंग्रजी शब्द टाइप करायचे, क्रियापद आणि वस्तू. १६ केबी मेमरीच्या संगणकावर मावायचे म्हणून वर्णने तारेसारखी तुटक आहेत, आणि त्या तुटकपणामुळेच खोली अंधारी वाटते. यात दिवस सरतात, रात्री येतात, झोप अनावर होते आणि झोपेत काय झाले ते सकाळी कळते. म्हणून एक करा: प्रत्येक दिवशी काय काय केले ते वहीत ओळीने लिहा. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही हरणारच. हरल्यावर यादी बघून कोणता वेळ वाया गेला ते शोधा. हा गेम खोल्यांचा नसून वेळापत्रकाचा आहे हे उमगले की सुटतो.

त्यानंतर सीआरएल कंपनीचा 'ड्रॅक्युला', १९८६, लेखक रॉड पाइक. ब्रिटनच्या चित्रपट सेन्सॉर मंडळाने वयाचे प्रमाणपत्र दिलेला हा पहिला व्हिडिओ गेम. १५ वर्षांखालच्यांना मनाई. चित्रपटाचे मंडळ, चित्रपटाचाच शिक्का, आणि तो लागला मुख्यतः मजकूर असलेल्या गेमवर! मधूनमधून येणाऱ्या रक्ताळ चित्रांचा त्यात वाटा होता. आज ती चित्रे निरागस वाटतात. मजकूर मात्र अजून नीट उभा आहे, आणि तो चित्रपटांपेक्षा कादंबरीच्या जवळ आहे, म्हणून तुलनेला उत्तम. गेम तीन भागांत आहे. पहिला भाग पुरा केलात तरी पुष्कळ.

अटारी लिंक्सवरचा १९९१चा 'ड्रॅक्युला द अनडेड' जाता जाता पाहून घ्या. रंगीत पडदा असलेल्या यंत्रावर मुद्दाम जुन्या फोटोसारखा तपकिरी गेम. रंग असूनही न वापरणे हा निर्णय सिनेमाच्या माणसाचा वाटतो.

पायरी आठवी: उड्या मारणारे मुडदे

युरोपचा कंटाळा आला असेल तर हाँगकाँगला चला. चिनी लोककथांतला ज्याँगशी म्हणजे ताठ झालेला मुडदा, हात पुढे करून उड्या मारत येणारा. १९८५चा 'मिस्टर व्हॅम्पायर' पाहा. मुख्य भूमिकेत लाम चिंग-यिंग, भुवया जुळलेला, चेहऱ्यावर रेषही न हलणारा ताओ पुरोहित. वहीत नवे पान उघडा, कारण नियमच वेगळे: श्वास रोखला तर मुडद्याला तुमचा पत्ता लागत नाही, चिकट तांदूळ विषावर चालतो, कपाळावर मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की तो जागच्या जागी थांबतो.

जपानमध्ये हा चित्रपट तुफान चालला. त्यावर निघालेला फॅमिकॉम गेम १९९० साली अमेरिकेत 'फँटम फायटर' नावाने आला. गावोगावी जायचे, एकेका मुडद्याशी समोरासमोर लढायचे, मिळालेल्या गुंडाळ्या घेऊन आखाड्यात जायचे, आणि नवा डाव शिकण्याआधी गुरूच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे! सुरुवातीला नायक इतका संथ असतो की गेम बिघडलाय असे वाटते. धीर धरा. वेगवान चालण्याचा डाव आधी शिका, बाकीचे नंतर. हा क्रम चुकवला तर पहिल्याच गावात वैतागाल. चित्रपटातला विनोद आणि मारामारी एकत्र कशी नांदते ते पाहिलेले असेल, तर या गेमचा विचित्र सूर लगेच लागतो.

पायरी नववी: शेवटची रात्र 'मालकाय'साठी ठेवा

'नॉस्फेरातू: द रॅथ ऑफ मालकाय', २००३, आयडॉल एफएक्स या स्वीडिश चमूचा. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतो, कमकुवत संगणकावरही चालतो, आणि तरी फार कमी लोकांनी तो खेळलेला दिसतो.

साल १९१२. तलवारबाज जेम्स पॅटरसन बहिणीच्या लग्नासाठी रोमानियातल्या किल्ल्यावर पोहोचतो. घरचे आधीच आत गेले आहेत आणि कोंडले गेले आहेत. तुमच्याकडे काठीतली तलवार, पुढे मिळणारे ठासणीचे पिस्तूल, खुंट्या, क्रूस, पवित्र पाणी. किल्ला दर वेळी नव्याने रचला जातो, त्यामुळे नकाशा पाठ करून भागत नाही. घड्याळ चालू असते. उशीर केला तर नातेवाईक एकेक करून मरतात, आणि त्यांच्या रक्तावर व्हॅम्पायर मालकाय आणखी बलवान होतो.

वहीतले पहिले पान आता समोर ठेवा. पहाट, घड्याळ, क्रूस, खुंटी, टक्कल पडलेला लांब कानांचा ऑर्लॉक, दारामागची सावली, 'द काउंट'मधले वेळापत्रक. सगळे एका जागी. खेळण्यासाठी तीन गोष्टी सांगतो. पिस्तुलात एकच गोळी असते आणि ती भरायला जीव जाईल इतका वेळ लागतो, म्हणून झाडण्याआधी मागे पळायची वाट बघून ठेवा. शवपेटी दिसली तर टाळून पुढे जाऊ नका. झोपलेल्याला खुंटी ठोकणे सोपे, जागा झाल्यावर नाही. आणि कुणी नातेवाईक सापडला की त्याला सुरक्षित जागी पोहोचवूनच पुढे जा. एका फेरीत दोघांना नेऊ असा हिशोब केला की अंधारातून काहीतरी येतेच.

दिवे मालवा, आवाज कानांत घ्या, आणि पहिल्या खेळीत कोण वाचले, कोण नाही, त्यांची नावे त्याच वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या खेळीत किल्ला बदललेला असेल.